सुईच्या टोकापासून चमकीपर्यंत

पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्यात लग्नसराई लागली, की नवरीबरोबर करवल्याही फोटोग्राफरकडे एक हौस घेऊन येतात. गालांवर, पापण्यांवर, खांद्यांवर चमकी लावून काढलेला फोटो हवा असतो. मोबाईलवर नमुना तयारच असतो: मागे काळा पडदा, निळा-जांभळा उजेड आणि चेहराभर चांदण्या. घरातल्या थोरल्यांना हे सगळं बाहेरून आलेलं वाटतं. ही चमकी बाहेरून आली हे खरंच आहे. पण माणसाच्या चित्रात चमक पेरायची कला या जिल्ह्याला नवी नाही. तिचं कूळ शोधायला निघालं, तर एक वाट सुप्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या नगरला, निजामशाहीच्या दरबारात जाऊन पोचते.

तिथे आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी फारसीत ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ रचली. १५६५च्या तालिकोटच्या लढाईतला विजय त्यात आहे आणि राणी खुंजा हुमायूँच्या रूपाचं वर्णनही आहे. हे दोघे चांदबिबीचे आईवडील. या सचित्र पोथीची प्रत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दखनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यातल्या बऱ्याच चित्रांत राणीची आकृती पुढे कोणीतरी पुसून टाकली. नगरच्या इतिहासातलं हे एक दुखरं पान आहे.

या परंपरेतलं सोन्याचं काम मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे. सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात खलून त्याचा रंग करायचे, तो कुंचल्याने लावायचे आणि सुकल्यावर अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटलेलं सोनं आरशासारखं होतं आणि तीच त्याची अडचण असते. आरसा एका ठरावीक कोनातूनच लखलखतो. जरा हललं की तोच भाग काळपट दिसतो. म्हणून मोगल आणि दखनी चित्रकार घोटलेल्या सोन्यावर बोथट सुईने बारीक टिंबं टोचत. प्रत्येक टिंबाचा खळगा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हती, हातात धरून बघायची होती. हात हलला की एक टिंब विझायचं, शेजारचं पेटायचं. पुतळीमाळ असो, तलवारीची मूठ असो, त्यातली चमक अशी जागती राहायची.

माझ्या मते चमकीच्या फोटोचं मूळ या टोचलेल्या टिंबांतच आहे. धातू चमकतो एवढं कळून भागत नाही. त्याचे बारीक तुकडे वेगवेगळ्या कोनांत कसे तिरपे करायचे, हे कळावं लागतं. पुढे साहित्य बदलत गेलं, पण ही युक्ती टिकली.

तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं, तिथे हीच युक्ती जाड झाली. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२मध्ये, तंजावरी चित्रांना मोठा आश्रय मिळाला. देवादिकांबरोबर राजांच्या तसबिरीही रंगल्या. खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप चढवून दागिने, कमानी, सिंहासन यांना उठाव द्यायचा, त्यावर सोन्याचा पत्रा बसवायचा आणि मध्ये काचेचे खडे जडवायचे. ही चित्रं समईच्या उजेडात बघायची असत. ज्योत हलली की उठावावरचं सोनंही हलल्यासारखं वाटे. नगरला बघणाऱ्याचा हात हलत होता, तंजावरला दिवा हलू लागला.

मग कॅमेरा आला. १८३९चं डॅगेरोटाइप हे मुळात चांदीचा मुलामा देऊन, घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र होतं. ते बघायला पत्रा हातात तिरपा करावा लागे, म्हणजे फोटोचा जन्मच चमकत्या धातूवर झाला. पण काचेची निगेटिव्ह आणि कागदावरचा छाप रूढ झाला आणि ही चमक गेली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतली नावं. त्यांच्या हातातली कलोडियनची ओली काच फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी होती. पिवळा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे अंगभर सोनं घालून, नटूनथटून कॅमेऱ्यापुढे बसलेल्या बाईचे दागिने छापात काळे यायचे! ज्या समाजात फोटो हा घराण्याच्या मानमरातबाचा पुरावा होता, तिथे हे कसं खपावं? स्टुडिओंनी चित्रकार नेमले. त्यांनी फोटोवर रंग चढवला, दागिन्यांना आणि जरीच्या काठांना हाताने सोनेरी केलं. यंत्राने गमावलेलं सोनं हाताने परत दिलं.

रविवर्म्यांच्या छापील चित्रांबाबत घरोघरी असंच घडलं. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं सामान्यांच्या भिंतीवर आली. पण छापलेल्या सोनेरी रंगाने अनेकांचं समाधान झालं नाही. त्यांनी त्या चित्रांना खरं कापड नेसवलं, काठांवर जर शिवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले आणि मग त्यावर काच चढवली. असे सजवलेले छाप आज संग्राहकांकडे जपलेले आहेत. एकाच छापाच्या हजारो प्रतींतली आपली प्रत वेगळी करायची ही धडपड मला फार जवळची वाटते.

इथवर चमक चित्रावर चढत होती. अंगावर, चेहऱ्याच्या अगदी जवळ ती आधीपासून होतीच: नवरानवरीच्या बाशिंगाला बेगड लावलेलं असायचं. कथिलाचा पातळ, रंगवलेला पत्रा तो. किंमत किरकोळ, पण मांडवातल्या दिव्यांत लखलखायचा. रांगोळीत, रंगांत अभ्रकाची पूडही पडायची. अभ्रकाचे थर सहज सुटतात आणि प्रत्येक पापुद्रा सपाट, चकचकीत असतो. निसर्गाने आयती करून दिलेली चमकीच ती.

आजची चमकी जन्मली अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये. हेन्री रुशमन या यंत्रकारागिराने १९३४ साली पातळ पत्रे आणि फिल्म अतिबारीक कापणारं यंत्र केलं, असं तिचा इतिहास सांगतो. पुढे पॉलिस्टरची फिल्म आली. तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर रंग, आणि मग षटकोनी तुकडे. षटकोन अशासाठी, की ते एकमेकांना लागून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही. प्रसाधनातला एक कण मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा असतो, पण सपाट आणि आरशासारखा. नगरच्या चित्रकाराने एकेक टिंब टोचून जे साधलं, ते आता किलोने मिळू लागलं.

१९३०च्या त्याच दशकात आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्यांच्यावाचून आजचा फोटो झालाच नसता. १९३५मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली. आणि हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या झटपट लखलखाटाने क्षण गोठवून दाखवला: फुटणारा थेंब, धावती गोळी. हवेत उडालेली चमकी फोटोत कणाकणाने स्थिर दिसते, ती त्या फ्लॅशच्या कृपेने. त्यानंतर चमकी थेट कातडीवर यायला काही दशकं गेली. १९७१मध्ये मार्क बोलन हा इंग्लिश गायक टीव्हीवर डोळ्यांखाली चमकी लावून आला आणि तरुणांची एक पिढीच तशी सजू लागली. आपल्याकडे लावणीच्या आणि तमाशाच्या फडावर टिकल्या-जरीचा लखलखाट होताच; तिथल्या दिव्यांत मागच्या रांगेतल्या माणसालाही नाचणारीची हालचाल कळावी, हे त्याचं कामही होतं.

आता सुप्यातल्या स्टुडिओत येऊ. असा फोटो आखताना लोक आधी चमकीचा रंग निवडतात. मी म्हणेन, आधी दिवे ठरवा. चमकीचा प्रत्येक कण हा आरसा आहे आणि आरशात दिसतो तो दिवा. लहान, उघडा दिवा लावला तर मोजक्याच कणांना तो सापडतो, पण ते कण ताऱ्यासारखे टोकदार पेटतात. मोठा सॉफ्टबॉक्स लावला तर पुष्कळ कण उजळतात, पण प्रत्येकाची धार जाते. म्हणून चेहऱ्यासाठी समोरून मंद, मऊ उजेड आणि चमकीसाठी दोन्ही बाजूंनी किंचित मागून उघडे फ्लॅश, ही जोडी चांगली. बाजूच्या दिव्यांना एकीकडे निळा, दुसरीकडे गुलाबी जिलेटिन लावा आणि चमकी रुपेरीच घ्या. ज्या कणाचं तोंड निळ्याकडे तो निळा, गुलाबीकडे तो गुलाबी. रंगीत चमकी स्वतःच्या रंगाखेरीज दुसरा रंग फारसा परत देत नाही. दिवे पक्के करण्याआधी अंधारात मोबाईलची बॅटरी चेहऱ्याभोवती फिरवून बघावी. कुठल्या कोनात गाल पेटतो, ते लगेच कळतं.

जवळच्या डोळ्यावर फोकस हवा, एफ ८च्या आसपास छिद्र ठेवलं तर कण तीक्ष्ण येतात. एफ २ला मागचे-पुढचे कण विरघळून गोल गोल टिकल्या होतात. दोन्ही सुंदर, पण काय हवं ते आधी ठरलेलं असावं. उजेड मोजायचा तो त्वचेवर, कण जळून पांढरे झाले तरी चालतात. आधी साधा चेहरा, मग गालावरची चमकी, उडवायचा फोटो सगळ्यात शेवटी, कारण उडालेली चमकी परत डबीत जात नाही. उडवताना फ्लॅशची ताकद कमी ठेवावी. बहुतेक छोट्या फ्लॅशचा लखलखाट कमी ताकदीवर जास्त क्षणिक असतो. डोळे आणि श्वास दोन्ही बंद ठेवायला सांगावं. हस्तकलेची, ग्रीटिंग कार्डांवरची चमकी डोळ्यांजवळ अजिबात नको. तिच्या कडा बुबुळाला ओरखडा पाडू शकतात. प्रसाधनाची म्हणून विकली जाणारीच घ्यावी, ती कोरफडीच्या जेलवर किंवा व्हॅसलिनवर बसवावी.

बाहेर, उघड्यावर उडवण्याचा मोह टाळावा. सुप्याच्या आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. इथला वारा चमकी शेतापर्यंत नेतो. हा पारनेर तालुका आहे, पाण्यासाठी तरसलेला. राळेगणसिद्धीने पाण्याचा एकेक थेंब अडवून गाव उभं केलं, ते इथून फार लांब नाही. त्या मातीत प्लास्टिकचे कण पेरायचे हे मला पटत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणायला सुरुवात केली. लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेली चमकी मिळते, पण इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तिचाही गोड्या पाण्यातल्या वनस्पतींवर परिणाम दिसला. म्हणजे तीही नाल्यात सोडायची वस्तू नाही.

उरतं ते पुन्हा अभ्रक. ते मातीतलंच, चकाकी जरा मऊ, त्वचेवर शोभणारी. पण झारखंड-बिहारच्या अभ्रकाच्या खाणींत लहान मुलं राबतात, हे अनेक वर्षं उघड आहे. म्हणून दुकानदाराला माल कुठला हे विचारलंच पाहिजे आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान गाठावं. शूट संपल्यावर चेहरा थेट पाण्याने धुऊ नये. आधी चिकटपट्टी हलक्या हाताने लावून कण उचलावेत, मग खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा. पट्टी, बोळे आणि खाली अंथरलेल्या चादरीवरची चमकी एका पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकावी. साबण त्यानंतर.