शस्त्राधिकाराचा वाद आणि गुलामगिरीच्या इतिहासाचा दुरुपयोग

इ. स. २०१३ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदुकांवरील निर्बंधांचा वाद ऐन भरात असताना, शस्त्राधिकाराच्या एका पुरस्कर्त्याने दूरचित्रवाणीवर असे प्रतिपादन केले की, कृष्णवर्णीयांना प्रारंभापासून शस्त्र बाळगण्याचा हक्क मिळाला असता तर गुलामगिरीचे प्रकरण त्या देशाच्या इतिहासात कदाचित आलेच नसते. हा युक्तिवाद वरवर पाहता गुलामांच्या बाजूचा वाटतो व म्हणूनच त्याची परीक्षा करणे अगत्याचे आहे. बंदुकांविषयी कायदा कोणता असावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. इतिहासाचा पुरावा कसा राबविला जातो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कायद्यांकडे वळू. व्हर्जिनिया वसाहतीने १६४० मध्ये कुटुंबप्रमुखांना आपल्या घरच्या मंडळींसाठी शस्त्रे पुरविण्यास सांगितले. त्यातून कृष्णवर्णीय तेवढे वगळले. १६८० च्या कायद्याने त्यांना बंदूक व तलवारच नव्हे, तर सोटाही बाळगण्यास मनाई केली. दक्षिण कॅरोलायनात १७०४ पासून गुलामांवर नजर ठेवणारी सशस्त्र गस्तपथके कायद्याने उभी राहिली. एकास शस्त्र देणे व दुसऱ्याचे काढून घेणे, या दुहेरी व्यवस्थेवरच गुलामगिरी उभी होती. तेव्हा 'गुलामांना शस्त्राचा हक्क असता तर' असे म्हणणे म्हणजे 'गुलाम हे गुलाम नसते तर' असे म्हणण्यासारखेच आहे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी हे उघडपणे मांडले: कृष्णवर्णीयांना नागरिक मानले, तर ते शस्त्रे घेऊन कोठेही फिरू लागतील, सबब त्यांना नागरिक मानता येत नाही.

दुसरे असे की, गुलामांनी शस्त्र हाती घेतलेच नाही, हे या युक्तिवादातील गृहीत खोटे आहे. ९ सप्टेंबर १७३९ रोजी दक्षिण कॅरोलायनातील स्टोनो नदीकाठी सुमारे वीस गुलामांनी एक दुकान फोडून बंदुका व दारू मिळविली आणि स्पॅनिश फ्लॉरिडाची वाट धरली. वाटेत त्यांची संख्या वाढत गेली. तथापि त्याच दिवशी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सशस्त्र दलाने त्यांना गाठून मोडून काढले. १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या उठावाची गत याहून निराळी झाली नाही. या दोन्ही प्रसंगी उठाव दडपणारे लोक पुष्कळ अंशी शेजारपाजारचे बंदूकधारी नागरिकच होते. नागरिकाची बंदूक जुलमाविरुद्धच उगारली जाते, या सिद्धांतास हा पुरावा अनुकूल नाही.

गुलामगिरीचा अंत झाला तो यादवी युद्धात. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले, यावरून शस्त्रांचे महत्त्व निःसंशय दिसते. परंतु त्या शस्त्रांमागे राज्यसंस्था उभी होती. ती मागे सरताच काय घडले, हे लुइझियानातील कोलफॅक्स गावी १३ एप्रिल १८७३ रोजी दिसून आले. तेथे कचेरीच्या रक्षणार्थ जमलेल्या कृष्णवर्णीयांपाशी बंदुका होत्या. गोऱ्यांच्या अधिक सुसज्ज जमावाने त्यांचा पराभव केला आणि शरण आलेल्यांपैकीही पुष्कळांना ठार मारले. पुढे १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्या आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. कोलफॅक्सला उणीव होती ती कायद्याच्या संरक्षणाची.

या युक्तिवादात सत्याचा अंश मुळीच नाही, असे मात्र नव्हे. १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई केली होती. १९५६ मध्ये घरावर बाँब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी मागितलेला शस्त्रपरवाना त्यांना नाकारण्यात आला. निर्बंधांची अंमलबजावणी वर्णद्वेषाने झाली, हे मान्यच केले पाहिजे. उलट, दुसरी घटनादुरुस्ती केवळ गुलामांवरील गस्तीच्या रक्षणासाठी जन्मली, हे प्रतिपक्षाचे विधानही अतिव्याप्त आहे. १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या परिषदेत ती भीती बोलून दाखविली गेली, हे खरे. परंतु जेथे गुलाम मोजकेच होते त्या न्यू हॅम्पशरनेही नागरिकांच्या शस्त्रांविषयी हमी मागितली होती. शिवाय १६८९ च्या इंग्लिश हक्कनाम्याची परंपरा या दुरुस्तीमागे होतीच.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये, म्हणजे कोलफॅक्सच्याच वर्षी, आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्यामुळे हा इतिहास मराठी अभ्यासकास परका नाही. गुलामगिरीचे कारण गुलामांच्या निःशस्त्रतेत शोधले की ज्यांनी त्यांना निःशस्त्र केले, ज्यांनी कायदे केले व ज्यांनी त्यांतून संपत्ती मिळविली, ते सर्व दृष्टीआड होतात. आणि जे लढून मेले त्यांचा लढाही पुसला जातो. मृतांना आपल्या पक्षाचे साक्षीदार म्हणून उभे करण्यापूर्वी त्यांनी प्रत्यक्ष काय केले व त्यांच्यावर काय ओढवले, हे तपासून पाहणे एवढे तरी इतिहासकाराचे कर्तव्य आहे.