इजाज़तनाम्यापासून श्रेयांकापर्यंत



आपल्या घरांतून नेहमी घडणारी एक गोष्ट आहे. मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असते, तिचे लग्न ठरते, सासर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असते. लग्नात सर्व सामानाची यादी होते, पण मुलीने दोन वर्षांत जे शिकून घेतले त्याचे काय करायचे, हे कोणी विचारीत नाही. मुलांचेही तसेच. घरची अडचण आली, नोकरी धरावी लागली, शिक्षण अर्धवट राहिले. पाचसहा वर्षांनी पुन्हा प्रवेश घ्यायला गेले की खिडकीवरचा कारकून सांगतो, पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. एकदा मिळविलेली विद्या दुसऱ्या दारात नेता येते की नाही, हा प्रश्न आजचा नाही. त्याला फार जुना आणि आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा इतिहास आहे. तो थोडक्यात आपल्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मध्ययुगीन इस्लामी जगात मदरसे मोठमोठे होते. निज़ामुल्मुल्काने बगदादचा निज़ामिया मदरसा अकराव्या शतकात उभारला, त्याची कीर्ती आपण सर्वजण ऐकून आहोत. परंतु एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सनद मदरसा देत नसे. सनद उस्ताद देत असे. तिला इजाज़त किंवा इजाज़ा म्हणत. अमुक ग्रंथ या शागीर्दाने माझ्याकडे वाचला, मी तो अमुक उस्तादाकडे वाचला होता, त्यांनी तो अमुकांकडे, अशी साखळी थेट ग्रंथकर्त्यापर्यंत नेलेली असे, आणि शेवटी तो ग्रंथ पुढे शिकविण्याची परवानगी. म्हणजे सनद एकेका ग्रंथाची, एकेका विषयाची होती, सबंध अभ्यासक्रमाची नव्हे. त्यामुळे विद्यार्थ्याने गाव बदलले तरी त्याचे काही वाया जात नसे. काहिऱ्यात फिकह वाचले, दमास्कसला हदीस ऐकली, बगदादला व्याकरण पुरे केले, तरी तिन्ही कागद एकाच थैलीत राहत आणि तिन्ही चालत.

हिशेब मात्र काटेकोर असे. ग्रंथाच्या हस्तलिखितावरच बैठकीची नोंद करीत : वाचन कोणी केले, कोणत्या तारखेस, कोठे, आणि कोण कोण हजर होते. एखादा उशिरा आला किंवा एखादी बैठक चुकली, तर त्याच्या नावापुढे तेवढा भाग सुटल्याची नोंद होई, आणि तो भाग पुन्हा ऐकल्याशिवाय त्याचे ऐकणे पुरे झाले असे मानीत नसत. आजच्या भाषेत सांगायचे तर हे हजेरीपत्रकही होते आणि गुणपत्रकही. गैरप्रकारही होतेच. तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन बैठकीला नेत आणि त्यांच्या नावे इजाज़त मागत. पत्राने इजाज़त मागविण्याची चालही होती. तेव्हा कागदापुरती पदवी ही काही आपल्या काळाचीच देणगी नव्हे.

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे इब्न बतूता. टँजियरला १३०४ साली जन्मलेला हा तरुण १३२५ साली हजसाठी घराबाहेर पडला. पुढल्याच वर्षी, १३२६ च्या रमज़ानमध्ये, तो दमास्कसला पोहोचला. तेथील उमय्या मशिदीत त्याने सहीह बुखारी चौदा बैठकींत ऐकली आणि अनेक विद्वानांकडून इजाज़ती मिळविल्या. त्यांत स्त्रियाही होत्या. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या ज़ैनब बिन्त कमाल या हदीसच्या त्या काळच्या नामांकित उस्तादीण. त्यांच्या इजाज़तीचा उल्लेख इब्न बतूताने अभिमानाने केला आहे. मुलीला पुढे शिकवायचे की नाही, यावर आपल्याकडे अजूनही वाद घालणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. जेमतेम तीन आठवड्यांच्या मुक्कामात एवढे सर्व कसे झाले, अशी शंका आजच्या अभ्यासकांनी घेतली आहे, आणि ती अगदीच निराधार वाटत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. १३३४ च्या सुमारास हा गृहस्थ दिल्लीत आला. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काज़ी नेमले आणि वर्षाला १२,००० दीनार पगार ठरविला. तेव्हा त्याने स्वतःच अडचण सांगितली. तो मालिकी पंथाचा आणि येथील लोक हनफी; शिवाय येथील भाषा त्याला येत नव्हती. सुलतानाने त्याची विद्या नाकारली नाही आणि त्याला पुन्हा पहिल्या पाठापासून बसविलेही नाही. त्याच्या हाताखाली दोन जाणते नायब दिले आणि काम सुरू केले. आलेल्याची शिदोरी मान्य करावी आणि उणीव असेल तेवढी भरून काढावी, हा न्याय सुलतानाला सुचला. आमच्या कित्येक विद्यापीठांना तो पुढची सहाशे वर्षे सुचला नाही. (हाच इब्न बतूता पुढे दौलताबादेवरून गेला आणि किल्ल्याच्या कोठडीतले उंदीर मांजरापेक्षा मोठे असल्याचे लिहून ठेवले. ते तेवढे आपण सोडून देऊ.)

हिंदुस्थानात अठराव्या शतकात आणखी एक पाऊल पडले. लखनौच्या फरंगी महलचे मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावाने दर्स-ए-निज़ामी हा पाठ्यक्रम रूढ झाला. कोणत्या विषयात कोणती किताब, हे ठरून गेले. एका गावी अमुक किताबीपर्यंत शिकलेला तालिबे-इल्म दुसऱ्या गावी पुढल्या किताबीपासून बसू शकला, तो या समान पाठ्यक्रमामुळेच.

युरोपातही हा प्रश्न होताच. पोपने १२३३ साली तुलूझ विद्यापीठाच्या पदवीधरांना कोठेही शिकविण्याचा हक्क दिला. बोलोन्या आणि पॅरिस यांना तो अनुक्रमे १२९१ आणि १२९२ मध्ये मिळाला. हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात मोठी विद्यापीठे पुष्कळदा परक्या पदवीधराची पुन्हा परीक्षा घेत. अभ्यास तासांनी मोजून त्याचे श्रेयांक करण्याची आजची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी घडली. युरोपने आपली समान श्रेयांकपद्धती १९८९ मध्ये सुरू केली. तीत पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा धरतात.

आता आपल्याकडे वळू. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांचे मुख्य काम शिकविणे नव्हे, परीक्षा घेणे. उस्तादाची सही गेली आणि विद्यापीठाचा शिक्का आला. यात लाभ होता : ओळखपाळख नसलेल्या खेड्यातल्या मुलालाही परीक्षेच्या बळावर पदवी मिळू लागली. तोटा असा की शिक्का बदलला की सर्वच बदलले. शिवाय मदरशातल्या आठ-दहा वर्षांच्या अभ्यासाला या नव्या हिशेबात एक पैचीही किंमत उरली नाही. इंग्रजी शिक्षणाकडे आपला समाज उशिरा वळला त्याची कारणे अनेक आहेत. त्यात या कारणाचा विचार फारसा होत नाही, तो व्हावा असे मला वाटते. ज्याचे सर्व जुने धन एका दिवसात खोटे ठरते, तो नव्या बाजारात सहजासहजी उतरत नाही.

मान्यता नसलेल्या संस्थेत शिकण्याची किंमत काय, हे जामिया मिल्लियाच्या पहिल्या पिढीला विचारावे. असहकाराच्या हाकेवरून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला जामियाची स्थापना झाली. १९२५ मध्ये ती दिल्लीला गेली. सरकारचे अनुदान नाही आणि सरकारची मान्यता नाही. अलीगढचे कॉलेज सोडून त्यात सामील झालेल्या तरुणांत झाकिर हुसेन होते. पुढे ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले. जर्मनीत त्या काळी विद्यार्थ्याने एक सत्र एका विद्यापीठात आणि दुसरे सत्र दुसऱ्या विद्यापीठात काढणे ही नित्याची गोष्ट होती. परत आल्यावर त्यांनी जामियाची सूत्रे घेतली. वीस वर्षे सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही, अशी प्रतिज्ञा तेथील अध्यापकांनी केली. त्यागाची ही कथा आपण वारंवार सांगतो. तिची दुसरी बाजू म्हणजे विद्यार्थी : त्यांच्या हातातला कागद सरकारी नोकरीच्या दारात चालत नव्हता. जामियाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६२ मध्ये मिळाला, आणि केंद्रीय विद्यापीठाचा १९८८ मध्ये.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले असे समजू नये. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि मातृभाषेतून शिक्षण दिले. त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे तेथील मुली शिकत राहिल्या.

मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमिजिएट कॉलेज १९२३ पासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखाली चालले. उस्मानियाचे माध्यम तेव्हा उर्दू होते. डॉ. आंबेडकरांनी त्याच शहरात १९५० मध्ये सुरू केलेले महाविद्यालयही, जे पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले, आधी उस्मानियाशीच संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ही महाविद्यालये त्याच्याकडे आली. इमारत तीच, प्राध्यापक तेच, बाके तीच. विद्यापीठ तेवढे बदलले. येथे विद्यार्थ्यांना कोठे जावे लागले नाही, कारण शासनाने संबंध कॉलेजच उचलून दुसऱ्या छत्राखाली ठेवले. एकट्यादुकट्या विद्यार्थ्यासाठी एवढे कोण करणार?

ते करण्याची सोय अलीकडे झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम केले. ही पैशांची बँक नव्हे. विद्यार्थ्याचे खाते उघडते आणि उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक त्याचे विद्यापीठ त्यात जमा करते. साधारणपणे तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक आणि पूर्ण वर्षाला चाळीस, असे प्रमाण आहे. नव्या धोरणानुसार एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. म्हणजे वरच्या त्या मुलीची दोन वर्षे कागदोपत्री तरी शून्य होत नाहीत.

पण यातील अटी नीट समजून घ्या. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. लग्नानंतर, मुले मोठी झाल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्या घरांनी ही मुदत भिंतीवर लिहून ठेवावी. एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणून शेवटच्या सत्रात विद्यापीठ बदलण्याचा विचार करू नये. आणि कोणत्या विषयाला कोणता विषय समकक्ष, हे नवे विद्यापीठच ठरवते. बँकेत जमा आहे म्हणून ते मानलेच जाईल, असे नव्हे.

मदरशातून येणाऱ्या मुलांसाठीही वाट थोडी रुंद झाली आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशांतील पदवीधरांसाठी एक वर्षाचा सेतू अभ्यासक्रम सुरू केला. तो पुरा केला की पदवी वर्गाचा दरवाजा उघडतो. दोन नायब देण्यासारखीच ही व्यवस्था. हिफ़्ज़ पुरे करणाऱ्या मुलाच्या वर्षांना मात्र अजूनही श्रेयांक नाही.

विद्यापीठ सोडताना आपण स्थलांतर प्रमाणपत्र आणि गुणपत्रके घेतो. नव्या ठिकाणी पात्रता प्रमाणपत्रासाठी ती लागतातच. पण सर्वांत जास्त अडते ते एका साध्या कागदावाचून : ज्या वर्षी विषय शिकलो त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम, महाविद्यालयाच्या सही-शिक्क्यासह. समकक्षता ठरविणारी समिती गुण नंतर पाहते, आधी काय शिकविले ते पाहते. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि जुनी प्रत महाविद्यालयातही सापडेनाशी होते. तेव्हा दाखला काढायला जाल त्याच दिवशी प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाच्या दोन प्रती शिक्का मारून घ्या, आणि मुलीच्या लग्नाच्या सामानात एक प्रत ठेवून द्या.