विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची वंशपरंपरा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अखेरच्या वर्षी एखादे उपकरण सिद्ध करावे, परीक्षकांपुढे ते घटकाभर चालवून दाखवावे आणि पदवी हाती पडताच ते कपाटात बंद व्हावे, ही आपल्या महाविद्यालयांतील जुनी वहिवाट आहे. ती मोडून पुणे आणि मुंबई येथील विद्यार्थ्यांनी बिनतारी संदेशवहनाचे आपले प्रयोग थेट पृथ्वीच्या कक्षेत नेले, हा आपल्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासातील मोलाचा अध्याय होय.

या प्रयोगांचे मूळ हौशी रेडिओचालकांच्या उद्योगात सापडते. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील अशा मंडळींनी घडविलेला, साडेचार किलो वजनाचा 'ऑस्कर-१' कक्षेत गेला आणि मोर्स लिपीतील दोन अक्षरे सुमारे तीन आठवडे जगाला ऐकवीत राहिला. भारतात ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेल्या 'हॅमसॅट'वर दोन ट्रान्सपाँडर होते. त्यांपैकी एक भारतात, तर दुसरा नेदरलँड्समधील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने तयार केला होता. पुढे २० एप्रिल २००९ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा 'अनुसॅट' अंतराळात गेला आणि विद्यापीठांना हा मार्ग खुला झाला.

१८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकावरून निघाला. सुमारे एक किलो वजनाच्या या लहानशा ठोकळ्यात विजेचा साठा तुटपुंजा. म्हणून उपग्रहाला दिशा देण्याचे काम विद्यार्थ्यांनी यंत्रांवर न सोपविता चुंबकावर सोपविले, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून तो आपोआप स्थिर व्हावा अशी योजना केली. एका ठिकाणच्या रेडिओचालकाने धाडलेला संदेश उपग्रहाने जवळ ठेवावा आणि दुसऱ्या प्रदेशावरून जाताना तो तेथे पोहोचता करावा, जणू जुन्या डाकेचा हरकाराच, असा त्याचा हेतू होता.

मुंबईच्या आयआयटीतील 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. दहा किलोच्या या उपग्रहाकडून शास्त्रीय सेवा अपेक्षित होती. रेडिओतरंग आयनांबरातून येताना त्यांच्या ध्रुवणाचे प्रतल वळते, आणि ते किती वळले यावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची संख्या मोजता येते. म्हणून इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीही परस्परांशी काटकोनात बसविलेल्या यागी अँटेनांची स्वस्त भूस्थानके उभारून हे मोजमाप करावे, अशी रचना होती. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी आपली विद्या अशा रीतीने इतरांनाही वाटून दिली.

या कामातील कष्ट समजून घेतले पाहिजेत. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावणारा उपग्रह दृष्टिपथात फार तर दहा-बारा मिनिटे राहतो. तेवढ्यात ४३७ मेगाहर्ट्‌झवरील त्याची वारंवारता जवळ येताना सुमारे दहा किलोहर्ट्‌झने चढते आणि दूर जाताना तेवढीच उतरते, म्हणून ग्राहकयंत्र सतत जुळवीत राहावे लागते. शिवाय अँटेनेजवळ धातूचा एखादा पत्रा आला, किंवा तारेची लांबी किंचित बदलली, तरी सारे गणित बिघडते. असे ज्ञान पुस्तकात थोडे आणि अनुभवी हातांत अधिक असते.

परंतु ते हात महाविद्यालयात टिकत नाहीत. पदवीची मुदत चार वर्षांची, आणि उपग्रहाला कल्पनेपासून कक्षेपर्यंत पोहोचण्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ लागला. ज्यांनी मंडलाचा पहिला आराखडा काढला ते प्रक्षेपणापूर्वीच नोकरीचाकरीस लागले होते. अशा स्थितीत कार्य तडीस गेले याचे श्रेय बुद्धीइतकेच दप्तराला आहे: प्रत्येक चाचणीची नोंद, फसलेल्या प्रयत्नाचे कारण आणि मोजमापाचा दाखला मागे ठेवून जाणाऱ्या, आणि तो आदराने वाचणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना आहे. आपल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्याच्या प्रकल्पास गुण देताना तो परीक्षेच्या दिवशी चालला की नाही एवढेच न पाहता, पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याला तो तेथून पुढे नेता येईल काय, हेही आवर्जून पाहावे.