स्वातंत्र्याच्या टेबलावर कोण बसलं होतं? मॉरिशसच्या इतिहासाचा आपल्यासाठी अर्थ

मॉरिशसचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, निळा समुद्र. दुसरी, ‘तिथेही आपली मराठी माणसं आहेत’ हा अभिमान. महालात आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलामुलींनीही एवढंच ऐकलेलं असतं. अभिमानाला आमची हरकत नाही. पण या बेटाचा इतिहास तळातल्या माणसाच्या बाजूने वाचला की त्यात आपल्या कामाचं बरंच काही सापडतं.

डच लोकांनी १५९८ मध्ये या बेटाला आपल्या राजपुत्राचं नाव दिलं आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ पासून फ्रेंचांचा ताबा आला. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून आणली गेली, गुलाम म्हणून विकली गेली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण मळे आणि गुलाम फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहिले.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथे गुलामगिरी कायद्याने संपली. तेव्हा सुमारे ६६ हजार माणसं गुलामीत होती. ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, सुमारे २१ लाख पौंड. कोणाला? गुलामांना नाही, मालकांना! ज्यांचे पिढ्यानपिढ्यांचे श्रम लुटले गेले त्यांना ना जमीन, ना पैसा. उलट ‘शिकाऊ’ या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकाकडे राबवलं.

मालकांना आता स्वस्त हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख आले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, तर हजारो मुंबई इलाख्यातले, त्यात कोकणातली माणसं बरीच. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे. पास नसला की भटका म्हणून अटक. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी याविरुद्ध अर्जावर सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं.

नोंदवहीत मजुराचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जातही लिहिली जाई. समुद्र ओलांडला की जात बुडते असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. हिंदू जगात जिथे जातील तिथे जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल, हे केतकरांचं म्हणणं बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं होतं. मॉरिशसमध्ये जहाजावर आणि मळ्यावर सोवळंओवळं टिकलं नाही हे खरं. पण लग्नात जात टिकली, आणि निवडणुकीत उमेदवारी देताना जातीचा हिशेब आजही होतो.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. मजुरांचा वंशज सत्तेवर बसला, ही मोठीच गोष्ट. पण गुलामांच्या वंशजांचं काय? राज्यघटनेने लोकांचे चार गट केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. या चौथ्या गटाची व्याख्या काय? जो पहिल्या तिघांत बसत नाही तो! ज्यांच्या घामावर ते बेट उभं राहिलं, त्या क्रिओल माणसांची ओळख ‘बाकीचे’ अशी. त्यातही गंमत बघा, त्यांचे जुने मालक असलेले गोरेही याच गटात मोजले गेले. म्हणजे गटाच्या नावावर जागा मिळाली तरी ती तळातल्या माणसाला मिळेलच असं नाही. प्रतिनिधित्वाचा गट कसा आखला जातो, हा किती मोठा प्रश्न आहे ते यावरून कळतं.

सगळ्यात जड किंमत मात्र चागोस बेटांवरच्या माणसांनी मोजली. १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी झाल्या. इंग्रजांनी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि मॉरिशसला ३० लाख पौंड देऊ केले. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार रहिवाशांना हटवलं गेलं. त्यातले बहुतेक गुलामांचे वंशज. पिढ्यान‌्पिढ्या तिथे राहिलेल्यांना कागदावर ‘कायमचे रहिवासी नव्हेत, कंत्राटी कामगार’ ठरवलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदेशीर असल्याचं मत दिलं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटं परत करण्याच्या करारावर सह्या केल्या, त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडेच. १९६५ मध्ये चागोसचा माणूस टेबलावर नव्हता. साठ वर्षांनीही करार दोन सरकारांनीच केला.

आता आपल्याकडे बघा. ऑगस्ट १९३० मध्ये याच नागपुरात अखिल भारतीय अस्पृश्य वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्रिटिश राज्यात आमचं भलं झालं नाही, स्वराज्य हवंच. पण त्या स्वराज्यात आमचा वाटा घटनेतच लिहिला पाहिजे, ही भूमिका त्यांनी इथे मांडली आणि त्याच वर्षी ती गोलमेज परिषदेत नेली. तेव्हा त्यांना ‘इंग्रजांचे हस्तक’ म्हटलं गेलं. आजही काहीजण म्हणतात. त्यांना आम्ही एवढंच विचारतो: टेबलावर आपला माणूस नसता तर आपलं काय झालं असतं? चागोसकडे बघा आणि उत्तर द्या.

मित्रांनो, परकी सत्ता जाणं आणि तळातल्या माणसाला हक्क मिळणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही. वस्तीचं पुनर्वसन असो, सफाई कामगाराचं कंत्राट असो की जनगणनेचा तक्ता, तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: कागदावर आपल्याला काय नाव दिलंय, ते कोणी दिलं, आणि सही करताना आपलं कोण हजर होतं?

जय भीम!