मामाची जीप आणि अर्ध्या मिलिमीटरची फट

गेल्या पावसाळ्यात जुन्नरजवळच्या एका फरशीवर मामाची जीप बंद पडली. रात्रीचे साडेदहा, ओढ्याला घोटाभर पाणी, मागच्या सीटवर मामी मुतखड्याच्या कळांनी वाकलेली, आणि टॉर्च धरायला मी. रोज लॅपटॉपसमोर बसून सर्व्हर डाऊन झाला की धावपळ करणारा हा प्राणी तिथे पूर्णपणे निरुपयोगी होता. मामाने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, शर्टाच्या टोकाने आतून पुसली, खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून पॉइंट घासले. पुन्हा सेल्फ. नाही. पुन्हा पुसणं. चाळीस मिनिटांनी गाडी खोकत खोकत सुरू झाली. मामी आता ठणठणीत आहे. पण त्या रविवारी घरात जी बैठक बसली, तिच्यात जीपचं काय करायचं हा एकच विषय होता.

मामेभावाचं म्हणणं, भंगारात घाला, नाहीतर डिझेल इंजिन बसवा. मामाचं म्हणणं, काही एक करायची गरज नाही. "अरे, चाळीस मिनिटांत चालू झाली की नाही? तुझी नवी गाडी बंद पडली असती तर?" मी दोघांच्या मध्ये. आणि असं मध्ये सापडलं की मी जे नेहमी करतो तेच केलं, म्हणजे वाचत बसलो. दोन-तीन वीकएंड त्यात गेले. या जीपचा इतिहास म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत 'इंजिन अपग्रेड करायचं की नाही' याच प्रश्नाचा इतिहास आहे, हे तेव्हा कळलं. (मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग? मी काय वेगळं सांगतोय?")

सुरुवात १९३८ पासून करावी लागेल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं गाव. तिथल्या विलीस-ओव्हरलँड कंपनीत त्या वर्षी डेल्मर रूस नावाचा मुख्य इंजिनियर आला. सगळे त्याला बार्नी म्हणत. आधी स्टुडबेकरमध्ये होता, मग इंग्लंडमध्ये काम करून परत आलेला. कंपनीची अवस्था यथातथाच होती. नवीन इंजिन बनवायला पैसे नाहीत, आणि हाताशी जे होतं ते १९२६ च्या व्हिपेट मोटारीच्या घराण्यातलं. चार सिलिंडर, २१९९ सीसी, ४८ अश्वशक्ती. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड, तोही आधीच्या टीमने लिहिलेला.

रूसने ते फेकलं नाही. बोअर तोच ठेवला, स्ट्रोक तोच ठेवला. शक्ती वाया कुठे जाते आणि तुटतं कुठे, ते शोधत बसला. पिस्टन अॅल्युमिनियमचे केले, फ्लायव्हील हलकं केलं, धातू जास्त कणखर वापरले, भागांमधली मापं जास्त काटेकोर केली. दोनेक वर्षांत त्याच २१९९ सीसीमधून साठच्या वर अश्वशक्ती निघायला लागली. या इंजिनाला नाव मिळालं 'गो-डेव्हिल'.

नेमकं याच वेळी, १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना जोर देणारी एक हलकी टेहळणी गाडी हवी होती, आणि वजनाची पहिली अट होती १२७५ पौंड, म्हणजे ५८० किलोच्या आत! कुणी तरी खुर्चीत बसून लिहिलेली रिक्वायरमेंट असणार, हे आपल्यातल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. पहिला नमुना वेळेत दिला तो बँटम या छोट्या कंपनीने, सप्टेंबर १९४० मध्ये. जीपचा मूळ आराखडा त्यांचाच, आणि त्याचं पुरेसं श्रेय त्यांना कधीच मिळालं नाही. पण बँटमचं इंजिन होतं ४५ अश्वशक्तीच्या आसपासचं. फोर्डने आपल्या नमुन्यात चक्क ट्रॅक्टरचं इंजिन बदल करून घातलं, त्याचीही ताकद तेवढीच. विलीसची गाडी सगळ्यात जड होती, पण चढावर आणि चिखलात तिच्यापुढे बाकीच्या दोन्ही फिक्या पडल्या.

अडचण वजनाची. मर्यादा पुढे २१६० पौंडांपर्यंत सैल केली, तरी विलीसची गाडी त्याहून बरीच जड. इंजिन छोटं करावं असा सोपा मार्ग होता. रूसने तो घेतला नाही, बाकीची गाडी सोलून काढली. बोल्ट जास्त लांब आहेत? कापा. पत्रा जाड आहे? पातळ घ्या. रंगाचे थर कमी करा. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांची ऑर्डर विलीसला मिळाली. किंमतही त्यांचीच सगळ्यात कमी होती, पण लष्कराला भुरळ घातली ती इंजिनाने. एवढी की त्याच वर्षाच्या शेवटी फोर्डला हीच गाडी बनवायचं काम दिलं, तेव्हा फोर्डला आपलं इंजिन बाजूला ठेवून विलीसचंच इंजिन बनवावं लागलं. फोर्डच्या जीपचं नाव जीपीडब्ल्यू, त्यातला डब्ल्यू विलीसचा. दोघांनी मिळून युद्धात सहा लाखांवर जीप बनवल्या.

या कथेचा आपल्याशी काय संबंध? तर आहे. भारत सरकारच्या पुरवठा मोहिमेचे प्रमुख म्हणून के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते, तिथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली, असं महिंद्र कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात सांगतात. १९४५ मध्ये के. सी. आणि जे. सी. या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्र अँड मोहम्मद' सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचं 'मोहम्मद' जाऊन दुसरं 'महिंद्र' आलं. मुंबईत माझगावला सुट्या भागांपासून जीप जोडायला सुरुवात झाली.

मामाची जीप याच घराण्यातली, सीजे-३बी. एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. तिचं बॉनेट इतकं उंच का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. त्याचं उत्तरही इंजिन अपग्रेडच निघालं! युद्धानंतर रूसला आणखी ताकद हवी होती. गो-डेव्हिलमध्ये हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ब्लॉकमध्ये होते. त्यामुळे हवेला वळसा घालून आत यावं लागायचं. रूसने फक्त आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि मोठे केले. धूर सोडणारे खालीच ठेवले. खालचं बरंचसं यंत्र तेच, पण ताकद ७२ अश्वशक्ती. हे 'हरिकेन' इंजिन. फक्त एक घोळ झाला, इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना.

यावर दोन उपाय निघाले. लष्करासाठी त्यांनी बॉडीच नव्याने आखली, गोल मडगार्डची, तिचीच नागरी आवृत्ती पुढे सीजे-५ म्हणून आली. आणि त्याआधी, १९५३ मध्ये, कमी खर्चात काम भागवायला जुन्याच गाडीचं बॉनेट सरळ वर उचललं. ती सीजे-३बी. थोडक्यात पॅच :) दिसायला ती जरा डोक्यावर टोपी ओढून बसल्यासारखी दिसते, हे मान्य. पण टोलेडोत हा पॅच १९६८ पर्यंत चालला आणि भारतात त्याच्यानंतरही कित्येक वर्षं. आपल्याकडच्या पिढ्यांना 'जीप' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, ते हे उंच बॉनेट.

आता मामेभावाच्या डिझेलकडे येऊ. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जीप पोसणं जड जायला लागलं. ठिकठिकाणच्या मेस्त्रींनी पेट्रोल इंजिन उतरवून मिळेल ते डिझेल बसवायला घेतलं. कंपनीनेही आधी आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल जीपमध्ये आणलं (म्हणजे फोर्डने १९४० मध्ये केलं तेच!) आणि मग फ्रान्सच्या पूजो कंपनीचं २११२ सीसीचं इंजिन घेतलं. कंपनी हे करते तेव्हा क्लच, गिअर, माउंटिंग सगळं त्याच्या हिशेबाने बदलते. मेस्त्री करतो तेव्हा तसं असेलच असं नाही. सीजे-३बीच्या अॅक्सलचा रेशो आहे ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला वरचा शाफ्ट सव्वापाचपेक्षा जास्त वेळा फिरतो. कमी फेऱ्यांत काम करणारं डिझेल तिथे बसवलं, की ताकद भरपूर पण टॉप गिअरमध्येही गाडी रांगते आणि वर सगळा सांगाडा थरथरतो.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींपासून वेगळ्या होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. मामाच्या आरसीवर इंधनापुढे 'पेट्रोल' आहे आणि दर पाच वर्षांनी ती गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मामेभावाला एवढं पुरलं.

मग राहिला खरा गुन्हेगार. त्या रात्री इंजिन दमलं नव्हतं, ठिणगी पडत नव्हती. ही ठिणगीची व्यवस्था जीपपेक्षा जुनी, चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने ती बनवली, दोनच वर्षांनी सेल्फ स्टार्टरही त्यानेच दिला. कल्पना भन्नाट आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून जातो, तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत काही हजार व्होल्ट उसळतात. प्लगला ठिणगी. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात. त्यांच्यातली फट हवी ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंट उघडणारा ठोकळा झिजतो, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, गाडी मिसिंग करते, चढावर दम टाकते. लोक म्हणतात इंजिन गेलं. इंजिन तसंच असतं, फट गेलेली असते.

आणि पाणी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल आली की एवढे व्होल्ट प्लगपर्यंत न जाता ओलीवरूनच पसार होतात. लष्कराला हे चांगलंच माहीत होतं. १९५० च्या एम-३८ जीपमध्ये त्यांनी २४ व्होल्टची व्यवस्था आणली आणि डिस्ट्रिब्युटर-कॉइल दोन्ही एका बंद डब्यात घालून टाकले. साध्या गिऱ्हाइकाच्या जीपला मात्र तो डबा मिळाला नाही.

पॉइंट गेले ते ट्रान्झिस्टरमुळे. १९६० च्या दशकात ते हौशी लोकांसाठी होतं. मग अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि झिजून झिजून धूर वाढवणारे पॉइंट कंपन्यांना परवडेनासे झाले. १९७३ मध्ये क्रायस्लरने आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. त्यात घासणारं काही नाही. शाफ्टवर फिरणारी रिंग, शेजारी सेन्सर. फट राहते, पण तिला कुणी स्पर्श करत नाही.

आम्ही हेच केलं. मामाच्याच डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढले, त्याच स्क्रूंवर सेन्सरची पट्टी बसवली. बाहेरून कॅप तीच, शाफ्ट तोच, वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी वजनंही तीच. इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन नवं. सोबत नवी कॅप, नव्या प्लगच्या वायरी, आणि कॅपवर रबराचं बूट, कारण सेन्सर आला म्हणून ओल काही जात नाही. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही बदलला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. मेस्त्रींनी टायमिंग लावलं आणि बजावलं, "साहेब, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, मॉड्यूल जाईल."

ताकद वाढली का? छे. ७२ च्या जागी ७३ सुद्धा नाही. पण सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, आणि या जूनमध्ये मामा तीच फरशी चारदा ओलांडून आला.

मामाचा आक्षेप मात्र अजून शिल्लक आहे, आणि खरं सांगतो, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. "पॉइंट खराब झाले तर मी रस्त्यात घासून गाडी घरी आणत होतो. ही तुझी चिप गेली तर काय घासू?" त्याने आपली सोय करून ठेवली आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या सुपारीच्या डबीत, काढलेले पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज आणि पॉलिश पेपरचा तुकडा. परवा त्याने मला अंगणात बसवून सेन्सर काढायला आणि पॉइंट परत बसवायला लावले, घड्याळ लावून. मला पस्तीस मिनिटं लागली. "अंधारात कर आता," म्हणाला.