गठ्ठ्याची गोष्ट आणि मोजणीचे आकडे

मुसलमान गठ्ठ्याने मतदान करतात, हे वाक्य दर निवडणुकीला कानावर येते. हरलेला उमेदवार ते रागाने म्हणतो, वर्तमानपत्रे ते जाणकारीच्या सुरात लिहितात, आणि आपल्यातले काही पुढारी तेच वाक्य खिशात घालून पक्षाच्या कार्यालयात तिकिटाचा सौदा करायला जातात. एकाच वाक्यावर इतक्या जणांचे भागत असेल, तर ते तपासून घ्यावेसे कोणाला वाटणार? पण निवडणुकीची एक खुबी आहे. भाषणे हवेत विरतात, आकडे कागदावर राहतात. ते कागद काढून बसले, की गठ्ठ्याची गोष्ट वाटते तेवढी सरळ राहत नाही.

सुरुवात जुन्या काळापासून करू, कारण गठ्ठा एके काळी खरोखरच होता आणि तो कायद्याने बांधलेला होता. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमान उमेदवार, मुसलमान मतदार, बाकीच्यांचा संबंध नाही. 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा ठेवल्या. त्यांत मुसलमानांच्या 29, शिवाय मुसलमान स्त्रीसाठी एक, अशा तीस. आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाही, पण त्याच कायद्यात सर्वसाधारण जागांपैकी सात मराठ्यांसाठी राखीव होत्या. म्हणजे जातीधर्माचा हिशेब एकट्या मुसलमानांनी मांडला होता असे नाही. सगळी वहीच तशी आखलेली होती.

1937 च्या निवडणुकीत मुस्लिम लीगला या तीस जागा सगळ्या मिळाल्या नाहीत. कित्येक ठिकाणी अपक्ष निवडून आले. नऊ वर्षांनी, 1946 साली, तीसच्या तीस जागा लीगने घेतल्या. आपल्या बापजाद्यांवर जो ठपका ठेवला जातो तो या आकड्यावरून. ‘तुम्हीच पाकिस्तानला मते दिलीत!’ पण ही मते दिली कोणी? तेव्हा मताचा हक्क सर्वांना नव्हता. जमीन-महसूल भरणारा, कर भरणारा, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा किंवा ठरावीक इयत्ता शिकलेला, असाच माणूस मतदार होता. हातमागावर बसणारा विणकर, कोकणातला कूळ, बंदरावरचा खलाशी, घरातल्या बाया, यांतल्या बहुतेकांची नावे यादीतच नव्हती. ज्यांना मतच नव्हते त्यांच्या नातवंडांकडे त्या मताचा जाब मागितला जातो, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे.

घटना समितीत ऑगस्ट 1947 मध्ये विभक्त मतदारसंघ चालू ठेवण्याची बी. पोकर यांची सूचना फेटाळली गेली. मे 1949 मध्ये मुसलमानांसाठीच्या राखीव जागाही गेल्या. बेगम ऐजाज रसूल यांनी स्वतः राखीव जागांना विरोध केला होता. अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडणारे ते शस्त्र आहे, असे त्यांचे मत होते. त्यानंतर प्रत्येक मुसलमान उमेदवाराला हिंदू शेजाऱ्याच्या दारात जाणे भाग पडले, आणि हिंदू उमेदवाराला मोहल्ल्यात.

पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक, त्यांतले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने चिठ्ठीवर काही करायचे नाही, ती नेमक्या पेटीत टाकायची. या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. मोजणी सोपी होती, ज्याची पेटी त्याची मते. साठ सालानंतर एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धत रूढ झाली. तो शिक्का ज्यांनी हातात धरला त्यांना आठवेल, साधी फुली नव्हती ती. तिच्या टोकांना बाण होते आणि ते सगळे एकाच दिशेने वळलेले. कागदाची घडी घातल्यावर ओली शाई दुसऱ्या नावासमोर उमटली तर वळण उलटे दिसे आणि खरा शिक्का कोणता ते मोजणीच्या टेबलावर ओळखता येई. ही युक्ती ज्याला सुचली त्याने किती भांडणे मिटवली असतील!

त्या काळची मोजणी रात्रभर चाले. आधी पेटीतल्या पत्रिका केंद्राच्या हिशेबाशी ताडून पाहायच्या, मग उमेदवारवार गठ्ठे बांधायचे, संशयित मते निवडणूक अधिकाऱ्यापुढे ठेवायची. कुठे अंगठा उठलेला, कुठे शिक्का दोन नावांच्या रेघेवर. काही निवडणुकांत वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळत, म्हणजे कोणत्या गावाने कोणाला मत दिले ते कळू नये. हा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याकडे परत येऊ.

आता मालेगावकडे वळू. मोसम नदीकाठचे हे यंत्रमागांचे गाव. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आणि त्यांच्या आधीपासूनचे दखनी, खानदेशी मुसलमान यांनी ते वसवले. इथे निवडणूक हा बाराही महिन्यांचा विषय. गठ्ठा कुठे असेलच तर तो इथे असायला हवा. मग पाहा.

समाजवादी निहाल अहमद यांनी 1978 पासून 1995 पर्यंत सलग निवडणुका जिंकल्या. 1986-87 मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. राज्यात काँग्रेसची सत्ता असताना मुसलमानांचे हे शहर जनता पक्षाच्या, पुढे जनता दलाच्या माणसाला निवडून देत होते. ‘काँग्रेसची मतपेढी’ म्हणणाऱ्यांनी हे कधी मोजले? 1999 ला काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवले आणि 2004 लाही जागा राखली. 2009 ला मुफ्ती इस्माईल जनसुराज्य शक्ती पक्षातून सुमारे 18 हजार मतांनी आले. 2014 ला शेख रशीद यांचे चिरंजीव आसिफ शेख काँग्रेसकडून सुमारे 16 हजारांनी. 2019 ला पुन्हा मुफ्ती, या वेळी एमआयएमकडून, 38 हजारांहून अधिक मतांनी. महापालिकेत 2017 ला 84 पैकी काँग्रेसला 28, एमआयएमला अवघ्या 7 जागा. दोनच वर्षांनी विधानसभेत चित्र उलटे. याला गठ्ठा म्हणायचे तर तो दर पाच वर्षांनी सुटतो आणि नव्याने बांधला जातो.

सर्वांत बोलके वर्ष 2024. जून महिन्यात धुळे लोकसभेची मोजणी झाली. या मतदारसंघाचे सहा विधानसभा विभाग. त्यांतल्या पाच विभागांत मिळून भाजपचे सुभाष भामरे सुमारे 1 लाख 90 हजार मतांनी पुढे होते. सहावा मालेगाव मध्य. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना 1 लाख 98 हजारांवर मते, भामरे यांना साडेचार हजारांच्या आसपास. एकूण निकालात बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. देशभर गाजावाजा झाला, पाहा गठ्ठा! आणि अवघ्या पाच-सहा महिन्यांनी, 23 नोव्हेंबरला, त्याच मतदारांची विधानसभेची मते मोजली गेली. मुफ्ती इस्माईल 1,09,653, आसिफ शेख 1,09,491. फरक 162 मतांचा. त्याच रिंगणात निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद समाजवादी पक्षाकडून होत्या; त्यांना दहा हजारांच्या आत मते मिळाली. ज्या काँग्रेसला जूनमध्ये या शहराने डोक्यावर घेतले, तिचा उमेदवार नोव्हेंबरमध्ये त्यांच्याही मागे राहिला.

या दोन मोजण्या शेजारी ठेवल्या की दिसते ते एवढेच. समोर भीतीचा प्रश्न असेल तेव्हा लोक एकवटतात. पाणी, रस्ते, यंत्रमागाची वीज, बिरादरी, जुने हेवेदावे असे रोजचे प्रश्न असतील तेव्हा दोन सारखे तुकडे होतात. बाकीचे महाराष्ट्रीय मतदारही असेच वागतात. त्यांना मात्र कोणी गठ्ठा म्हणत नाही. भामरे यांच्या त्या पाच विभागांतल्या आघाडीला कोणी गठ्ठा म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

कोकणातली तऱ्हा वेगळी. तिथे आपण विखुरलेले, कुठेच बहुसंख्य नाही. तरीही बॅरिस्टर अंतुले 1962 साली श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले, 1980 ते 82 मुख्यमंत्री झाले, पुढे कुलाब्यातून लोकसभेवर कित्येकदा निवडून आले. ती मते मोहल्ल्यात मोजून पुरी झाली नसती. आगरी, कुणबी, मराठा सगळ्यांची होती. याच जिल्ह्यात 2014 साली एक वेगळाच प्रकार घडला. रायगड लोकसभेत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना 2,110 मतांनी हरवले, आणि त्याच यंत्रावर सुनील तटकरे नावाच्याच एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. विचारसरणी, जात, विकास या सर्वांवर एका नावाने मात केली. निकालाचे विश्लेषण करणाऱ्या पंडितांनी हा कागद भिंतीवर लावून ठेवावा.

संपूर्ण राज्याचे बोलायचे तर 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. 288 आमदारांत 2019 ला दहा, 2024 लाही दहा. औरंगाबाद पूर्वमध्ये 2024 ला इम्तियाज जलील 2,161 मतांनी पडले, एवढ्याने आकडा अकरा झाला असता. याला मतविभाजन कारणीभूत, असे आपण सर्रास म्हणतो. खरे आहे, पण अर्धेच. दुसरे अर्धे असे की मोठे पक्ष मुसलमानाला उमेदवारी देतात ती बहुधा जिथे मुसलमान दाट आहेत तिथेच, आणि मग तिथे चार मुसलमान एकमेकांसमोर उभे राहतात.

आता मघाच्या मुद्द्याकडे. 2004 च्या लोकसभेपासून सगळीकडे मतदान यंत्रे आली. प्रत्येक केंद्राचे यंत्र वेगळे मोजले जाते आणि नमुना 20 मध्ये केंद्रवार आकडे छापून निघतात. एका केंद्रावर हजार-दीड हजार मतदार, म्हणजे दोन-चार गल्ल्या. मिसळ बंद झाली आणि गल्लीचे मत उघडे पडले. वस्त्या जिथे धर्माने वेगळ्या आहेत तिथे याचा अर्थ सांगायला नको. 2019 ला सुलतानपूरच्या प्रचारात मनेका गांधी यांनी मतांच्या टक्केवारीप्रमाणे गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी करून त्या क्रमाने कामे करण्याची भाषा केली. आयोगाने त्यांना ताकीद दिली. बोलून दाखवणारे थोडे, मनात हिशेब ठेवणारे पुष्कळ. पाइपलाइन कुठे थांबते आणि गटार कुठे सुरू होते, हे वॉर्डातल्या माणसाला नमुना 20 न वाचताही कळते. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे ‘टोटलायझर’ यंत्र आयोगाने 2008 मध्ये सुचवले, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याला दुजोरा दिला, केंद्र सरकारने मात्र नकार दिला. मतदाराची गुप्तता राखायला कोणाचा विरोध असावा, हा प्रश्न आपल्या पुढाऱ्यांनी फारसा लावून धरलेला नाही. त्यांनाही केंद्रवार आकडे हवेच असतात; तिकीट मागायला जाताना तोच कागद पुढे करायचा असतो.

तोच कागद आपल्या कामाचाही आहे, हेही तितकेच खरे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना 17-सी भरतो. यंत्रात किती मते पडली त्याचा तो हिशेब, आणि त्याची सहीची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला देणे नियमाने बंधनकारक आहे. मोजणीच्या दिवशी यंत्राने दाखवलेली बेरीज या कागदाशी जुळली पाहिजे. आकडे घासून लागले तर फेरमोजणीची मागणी निकाल जाहीर होण्याआधी, तीही लेखी आणि कारण देऊन करावी लागते. त्यानंतर उरते ती उच्च न्यायालयातली याचिका, आणि तिला मुदत आहे निकालापासून 45 दिवसांची.