धुण्याचा सोडा आणि पायाखालची माती

मंडळी, मागच्या वेळी आपण काळ्या मातीवरच्या घरांबद्दल बोललो. आज त्या मातीत मुरणाऱ्या धुण्याच्या पाण्याकडे वळू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून प्रश्न आमच्या पद्धतीचा: मातीचा कणखरपणा तिच्या अंगचा, की संगतीचा?

१९११ साली अल्बर्ट अॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी चिकणमाती किती पाण्याला घट्ट राहते आणि किती पाण्याला वाहू लागते, याच्या मर्यादा मांडल्या. १९२५ मध्ये कार्ल टर्झागी यांच्या ग्रंथाने मृदायांत्रिकीचा पाया घातला. पण पाणी किती, याबरोबरच पाण्यात काय, हेही बघावं लागतं.

त्याची साक्ष प्रयोगशाळेतच मिळते. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅल्गॉन नावाची पावडर आली. जड पाण्यातही साबणाला फेस यावा, एवढंच तिचं काम. ती होती सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. मातीची ढेकळं फोडून कण सुटे करायला प्रयोगशाळांनी तीच उचलली. आपल्या आयएस २७२० मानकातलं द्रावण बघा: एक लिटर पाण्यात ३३ ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडाच! कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र धरतो. सोडियमने त्याची जागा घेतली की कण एकमेकांना दूर लोटतात.

परीक्षानळीत हे सोयीचं, जमिनीत नाही. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मातीची छोटी धरणं फुटली, तेव्हा तपासात सोडियमयुक्त माती सापडली. पाणी शांतपणे झिरपलं आणि कण वाहून नेत आतून बोगदा पाडत गेलं. तो सोडियम निसर्गातला होता, पण गुण तोच.

आता घरची गोष्ट. आमच्या जुन्या घराच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीलगत मुरायचं. भिंतीला तडा गेला, तेव्हा आम्ही गवंड्याला बोल लावले. ते चुकलं. एकट्या सोड्याने तडा गेला असं आम्ही म्हणत नाही. काळी माती नुसत्या पाण्यानेही फुगते. पण ते पाणी तिथे सोडणारे आम्हीच होतो.

उपाय जुनाच आहे. रस्ते बांधणारे काळ्या मातीत चुना मिसळतात. चुन्यातला कॅल्शियम कणांना पुन्हा जवळ आणतो. आपण निदान मोरीचं पाणी नळीने पायापासून लांब न्यावं. माती वाईट नसते, मंडळी. संगत आपण देतो.